निळ्या चौकटीत ‘ओके’ दाबत गेलो... डिपेंडन्सींचे बिल्ड ऑप्शन तुम्ही कसे सांभाळता?

तारकुंपण

मंडळी, फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड देवनागरीच आहे, त्यामुळे कमांडही देवनागरीतच येतील. मूळ वर्तनी तुम्हाला ठाऊक आहेच.

माझ्याकडे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमची दोन मशिन्स आहेत. दोन्हींवर काम एकच, आलेली चित्रं लहान करून ठेवायची. त्यासाठी इमेजमॅजिक (चित्रं बदलणारा प्रोग्राम). ते तयार पॅकेज म्हणून न घेता मी पोर्ट्समधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या कृतींच्या संग्रहातून, सोर्सपासून स्वतः बांधतो, कारण एक्स११ या खिडक्यांच्या यंत्रणेचं लटांबर नको होतं. मशिनला मॉनिटरच नाही, खिडक्या दाखवायच्या कुणाला? एन्जिनएक्स हा वेब सर्व्हरही एका जादा मॉड्यूलपायी मीच बांधतो.

गेल्या आठवड्यात लक्षात आलं की पहिलं मशिन वेबपी प्रकारची चित्रं मुकाट्याने घेतं आणि दुसरं म्हणतं, या प्रकारच्या चित्रासाठी डिकोड डेलिगेट (ते उलगडणारा भाग) नाही. दोन्हीकडे आवृत्ती तीच, पोर्ट्सचं झाड त्याच दिवशीचं. मग आठवायला बसलो की हे बांधलं तेव्हा मी नेमकं काय केलं होतं. बांधण्याआधी ऑप्शन विचारणारी निळी चौकट आली, इमेजमॅजिकचे ऑप्शन नीट वाचून खुणा केल्या. मग त्याच्या डिपेंडन्सीची, म्हणजे त्याला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजाची चौकट, मग तिच्या डिपेंडन्सीची. चौथ्या चौकटीपर्यंत वाचत होतो, बाराव्या चौकटीला नुसता एंटर. हे पहिल्या मशिनवर. दुसऱ्यावर बहुधा मूड वेगळा होता. तिथे ‘ओळखीचं नाही ते स्पेसबार मारून बंद’ असं धोरण ठेवलं होतं.

बरं, चूक कळली म्हणून मेक.कॉन्फ या बांधकामाच्या सेटिंगच्या फाइलीत ‘ग्राफिक्स_इमेजमॅजिक७_सेट’ करून त्यात वेबपी लिहिलं आणि सगळं परत बांधलं. चाळीस मिनिटांनी तोच एरर. मशिन माझ्यावर डूख धरून आहे असं वाटायला लागलंय.

तर एक, मेक.कॉन्फ का ऐकत नाही? आणि दोन, आपण मागितलेलं पॅकेज एक असतं, सोबत येतात तीस. त्या तिसांचे ऑप्शन तुम्ही लोक कसे सांभाळता? फ्रीबीएसडीच हवं असं नाही, कुठलीही व्यवस्था चालेल.

---

जुनापुराणा

डूख नाही हो, इमान आहे. तुम्ही एकदा ‘नाही’ म्हणालात ते त्याने लिहून ठेवलंय.

निळ्या चौकटीत ओके केलं की ती निवड /व्हार/डीबी/पोर्ट्स खाली त्या पोर्टच्या फोल्डरात ‘ऑप्शन्स’ नावाच्या फाइलीत जाते. क्रम असा: पोर्ट सांभाळणाऱ्याने दिलेले डीफॉल्ट सगळ्यात खाली. त्यावर मेक.कॉन्फमधले सरसकट ऑप्शन्स_सेट आणि ऑप्शन्स_अनसेट. त्यावर मेक.कॉन्फमधलेच त्या पोर्टपुरते. आणि या सगळ्यांच्या वर चौकटीने लिहिलेली फाइल. म्हणजे तुमचं मेक.कॉन्फ वाचलं गेलं, वेबपी चालू झालं, आणि लगेच त्या जुन्या फाइलीने येऊन बंद केलं. नावापुढे ‘_फोर्स’ लावलेलं रूप फाइलीच्याही वर जातं. पण ते हत्यार रोज वापरू नका. दोन वर्षांनी स्वतःच स्वतःला शोधत बसाल.

सरळ उपाय: त्या पोर्टमध्ये ‘मेक आरएमकॉन्फिग’. सगळी माळच पुसायची तर ‘आरएमकॉन्फिग-रिकर्सिव्ह’. मग ‘मेक शोकॉन्फिग’ करून अंतिम हिशेब काय लागतो ते बांधण्याआधी बघा. चाळीस मिनिटं वाचतील.

आणि त्या फाइलींतली एक उघडून बघाच. तिथे फक्त तुम्ही बदललेले ऑप्शन नसतात, त्या पोर्टचे सगळे असतात, चालू आणि बंद दोन्ही. तुम्ही नुसता एंटर मारलात तरी त्या दिवशीचे डीफॉल्ट तुमच्या नावावर गोठले. उद्या पोर्टवाल्याने शहाणपणाने एखादा डीफॉल्ट बदलला तर तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कारण कागदोपत्री तुम्ही मुद्दाम जुना निवडलेला आहे. डोळे मिटून केलेल्या सह्या म्हणतात त्या ह्या.

---

तारकुंपण

अरे देवा. म्हणजे बाराव्या चौकटीपासून पुढे सगळ्या सह्याच आहेत.

आता दोन्ही मशिन्सवरची ती फोल्डरं शेजारी ठेवून डिफ (फरकांची यादी) काढतो. तोवर बाकीच्यांनी लिहावं.

---

ध्वजधारी

जेंटू लिनक्सवाला बोलतोय, सवयीप्रमाणे लांबण लागेल.

आमच्याकडे यालाच यूज फ्लॅग म्हणतात, आणि फ्रीबीएसडीपेक्षा एक मोठा फरक आहे. पोर्ट्समध्ये एखादं पोर्ट ‘मला अमुक लायब्ररी लागते’ एवढंच सांगू शकतं. ‘ती लायब्ररी तमुक ऑप्शनसकट बांधलेली हवी’ असं सांगायची सोय तिथे नाही. २०१७ मध्ये फ्लेव्हर (एकाच पोर्टची ठरावीक वेगवेगळी रूपं) आले तेव्हा थोडीफार वाट निघाली इतकंच. जेंटूत ते थेट लिहिता येतं. ई-बिल्डमध्ये, म्हणजे पॅकेज बांधायच्या कृतीत, डिपेंडन्सीच्या नावापुढे चौकोनी कंसात फ्लॅग. मग तुमच्याकडे ती लायब्ररी त्या फ्लॅगशिवाय बसलेली असेल तर इमर्ज (आमची बांधणारी कमांड) बांधायला बसतच नाही, आधी भांडण मिटवा म्हणतं. तुमचा वेबपीचा घोटाळा आमच्याकडे चालवताना नाही, बांधण्याआधी उघडा पडला असता. अर्थात ई-बिल्ड लिहिणाऱ्याने ती अट लिहिली असेल तरच.

याची किंमत म्हणजे भांडणं फार. सगळ्यात गाजलेलं फ्रीटाइप आणि हार्फबझ या फॉन्टच्या दोन लायब्ररींचं. फ्रीटाइपला हार्फबझ फ्लॅग लावला की त्याला आधी हार्फबझ हवं. हार्फबझला ट्रूटाइप फ्लॅग लावला की त्याला आधी फ्रीटाइप हवं. तू आधी, तू आधी. नव्या माणसाला वाटतं इमर्ज बिघडलं. तोड साधी आहे: फ्रीटाइप एकदा हार्फबझविना बांधायचं, तेही ‘वनशॉट’ लावून, म्हणजे नोंद राहत नाही. मग हार्फबझ. मग फ्रीटाइप परत, आता फ्लॅगसकट. यात कुठलाही फ्लॅग कायमचा बंद करायचा नसतो, आणि लोक नेमकं तेच करून ठेवतात. पॅकेज.यूज या पॅकेजागणिक फ्लॅगच्या फाइलीत ‘वजा हार्फबझ’ लिहितात, काम निघतं, ओळ तशीच. वर्षभराने धाग्यावर येतात की फॉन्ट विचित्र का दिसतात.

दुसरा सापळा ऑटोअनमास्क. इमर्जला सांगितलं की लागतील ते फ्लॅग ते स्वतः लिहून देतं, वर ‘अमक्याला लागतं म्हणून’ अशी टीपही टाकतं. छान सोय. पण माझी ती झेडझेड-ऑटोअनमास्क फाइल एकदा उघडली तर त्यात अशा पॅकेजांपायी घातलेले फ्लॅग होते जी मी कधीच काढून टाकली होती. मागणारा गेला, मागणी राहिली.

म्हणून आता पॅकेज.यूज ही फाइल न ठेवता फोल्डर ठेवलंय, आणि त्यात पॅकेजागणिक नाही, कारणागणिक फाइल. ‘मॉनिटर-नाही’ ही एक, ‘चित्रं’ ही दुसरी, ‘तात्पुरतं’ ही तिसरी. कारण संपलं की आख्खी फाइल उडवायची. ‘तात्पुरतं’ दर महिन्याला उघडतो आणि लाजतो.

हो, आणि कुणी मेक.कॉन्फमध्ये ‘वजा तारा’ लिहून सगळे फ्लॅग पुसून शून्यापासून सुरुवात करा असा सल्ला देईल. त्याला नमस्कार करून पुढे जा. प्रोफाइलचे आणि ई-बिल्डचे डीफॉल्ट कुणीतरी विचार करून ठेवलेले असतात, ते सगळे एका फटक्यात जातात.

---

दोनदशांश

मला एक कळत नाही, २०-२० ऑप्शन उघडायचेच कशाला? १० ऑप्शन म्हणजे १,०२४ जोडण्या, २० म्हणजे १०,४८,५७६. त्यातली तुमची जोडणी जगात आणखी कुणी चालवून पाहिलेली असण्याची शक्यता किती? होमब्रू या पॅकेज मॅनेजरने २०१९ च्या फेब्रुवारीत २.० आवृत्ती काढली तेव्हा मुख्य भांडारातल्या फॉर्म्युलांचे (पॅकेजच्या कृतींचे) ऑप्शन काढूनच टाकले. आरडाओरडा झाला, पण कारण पटण्यासारखं होतं: ज्या जोडण्या तपासताच येत नाहीत त्यांची हमी द्यायची कशी? आणि जेंटूनेसुद्धा २०२३ च्या डिसेंबरअखेर तयार बायनरी पॅकेजं द्यायला सुरुवात केलीच ना.

डीफॉल्ट घ्या, झोपा.

---

ध्वजधारी

@दोनदशांश, दिली, पण फ्लॅग काढून नाही दिली. तुमचे फ्लॅग त्या बायनरीच्या फ्लॅगशी जुळत असतील तर ती घ्यायची, नसतील तर फक्त तेवढंच पॅकेज घरी बांधायचं. इमर्जला ‘बिनपीकेजी-रिस्पेक्ट-यूज’ सांगितलं की ते हे बघतं. उलट यामुळे शिस्त लागली. प्रत्येक हौशी फ्लॅगची किंमत आता मिनिटांत दिसते.

---

गंजलेला

रस्ट भाषावाल्यांची व्यथा वेगळी आहे. आमच्याकडे ऑप्शनला फीचर म्हणतात आणि कार्गो हे आमचं बांधणारं साधन भांडण लावतच नाही, बेरीज करतं. एकाच क्रेटकडून, म्हणजे लायब्ररीकडून, एकाने ‘अ’ मागितलं, दुसऱ्याने ‘ब’, तर क्रेट एकदाच बांधला जातो, ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही घालून. ऐकायला गोड.

आता गंमत बघा. मला ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) नको होतं, म्हणून एका एचटीटीपी क्रेटला ‘डीफॉल्ट-फीचर्स = फॉल्स’ लिहिलं. बांधलं, तरी ओपनएसएसएल हजर. तीन वेळा सेटिंगची टोमल फाइल वाचली, काना-मात्रा तपासल्या. चूक माझ्या फाइलीत नव्हतीच. चार पायऱ्या खाली एका भलत्याच क्रेटने तोच एचटीटीपी क्रेट मागितला होता, आणि त्याने डीफॉल्ट बंद करायची तसदी घेतली नव्हती. एकाने ‘हवं’ म्हटलं की सगळ्यांना मिळतं. बेरजेत वजाबाकी नाही.

पकडायचं कसं: ‘कार्गो ट्री’ ला ‘-ई फीचर्स’ आणि ‘-आय’ लावून नकोशा क्रेटचं नाव द्या. झाड उलटं छापून येतं आणि कुणी कुणाकडून काय मागितलं ते दिसतं. मग त्या भलत्या क्रेटच्या मालकाला विनंती पाठवायची आणि वाट बघायची.

पूर्वी याहून वाईट होतं. बिल्ड स्क्रिप्टला लागलेलं फीचर मुख्य प्रोग्रामातही घुसायचं. रस्ट १.५१ मध्ये, म्हणजे २०२१ च्या मार्चमध्ये, रिझॉल्व्हर २ (फीचर ठरवायची नवी पद्धत) आला आणि ते वेगळं झालं. भाषेच्या जुन्या एडिशनचा प्रकल्प असेल तर रिझॉल्व्हर निवडायची ओळ स्वतः लिहावी लागते. २०२१ च्या एडिशनपासून ती आपोआप.

क्रेट लिहिणाऱ्यांना हात जोडून: फीचरचं नाव ‘एसटीडी’ (प्रमाण लायब्ररी हवी) ठेवा, ‘नो-एसटीडी’ नको. बेरजेच्या जगात ‘नको’ नावाचं फीचर म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणं.

---

अधिकअधिक

@गंजलेला, दुःखात सहभागी आहे. सी++ मध्ये व्हीसीपीकेजी या पॅकेज मॅनेजरचंही असंच. फीचर्स बेरजेचीच हवीत हा नियम, आणि डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीचे डीफॉल्ट फीचर बंद करायचे असतील तर तिचं नाव तुमच्या सगळ्यात वरच्या मॅनिफेस्टात (डिपेंडन्सींच्या यादीत) स्वतः लिहून तिथे बंद करावे लागतात. मधल्या पॅकेजाने ‘मला डीफॉल्ट नकोत’ म्हटलेलं तिथे चालत नाही. हे मला कळायला दोन दिवस लागले. आता त्यात तर्कही दिसतो, वजाबाकीचा हक्क एकालाच, जो शेवटी बांधतो त्याला. पण तेव्हा शिव्या घातल्या होत्या.

कोनान हा सी++ चाच दुसरा पॅकेज मॅनेजर त्या मानाने सैल. रेसिपीत डिपेंडन्सीचे ऑप्शन लिहिता येतात, पण दोन रेसिपींचं पटलं नाही तर जी आधी वाचली गेली तिचं चालतं. म्हणजे एकाला झेडलिब ही लायब्ररी स्टॅटिक (प्रोग्रामातच मिसळलेली) हवी, दुसऱ्याला शेअर्ड (वेगळ्या फाइलीत), आणि निकाल लागणार रांगेवरून. म्हणून त्यांचाच सल्ला आहे की हे रेसिपीत नको, प्रोफाइलमध्ये, म्हणजे बांधणाऱ्याच्या सेटिंगच्या फाइलीत लिहा. प्रोफाइल रेसिपीच्या वर असतं आणि ते एकच फाइल असल्यामुळे रिव्ह्यूला पाठवता येतं.

---

शेवाळ

मी संशोधनाच्या क्लस्टरवर स्पॅक हा पॅकेज मॅनेजर वापरते. तिथे हा वादच वेगळ्या तऱ्हेने मिटवलाय: दोघांना दोन हवीत ना, घ्या दोन. एचडीएफ५ ही लायब्ररी ‘अधिक एमपीआय’ (तो ऑप्शन चालू) आणि एचडीएफ५ ‘टिल्ड एमपीआय’ (बंद) एकाच मशिनवर शेजारी नांदतात, कारण प्रत्येकाच्या फोल्डरच्या नावात ऑप्शन, कंपायलर, डिपेंडन्सी सगळ्यांचा मिळून हॅश (ओळखीचा ठसा) असतो. एकाच प्रोग्रामात मात्र दोन्ही येऊ देत नाही.

किंमत डिस्कची. एक किरकोळ ऑप्शन तळाच्या लायब्ररीत बदलला की वरच्या सगळ्यांचे हॅश बदलतात आणि रात्रभर बांधकाम. म्हणून ‘इन्स्टॉल’ लिहिण्याआधी नेहमी ‘स्पॅक स्पेक -आय’ (आय मोठा). कुठलं आधीच बसलंय आणि कुठलं नव्याने बांधलं जाणार ते ओळीच्या सुरुवातीलाच दिसतं. आमच्या गटात एकाने हे न बघता एंटर मारला आणि सकाळी सगळ्यांचा कोटा भरलेला. नाव सांगत नाही, कारण ती मीच.

---

गाठोडे

एका वितरणासाठी काही पॅकेजं सांभाळतो, त्या बाजूने थोडं.

तारकुंपणराव, ऑप्शनची यादी जुळली म्हणजे दोन मशिन्स सारखी झाली असं समजू नका. कित्येक प्रकल्पांची कॉन्फिगर स्क्रिप्ट मशिनवर काय काय सापडतं ते बघते आणि सापडेल ते जोडून टाकते. कुणी विचारत नाही, कुठे लिहीत नाही. जेंटूवाले याला ‘ऑटोमॅजिक’ डिपेंडन्सी म्हणतात, आणि नाव झकास आहे. सोमवारी बांधलं तर लायब्ररी होती, जोडली गेली. गुरुवारी ती लायब्ररी तुम्ही काढून टाकली, आणि एकही ऑप्शन न बदलता प्रोग्राम सुरू व्हायचा बंद. पॅकेज मॅनेजरच्या वहीत ते नातं नोंदलेलंच नव्हतं.

उपाय दोन. आम्ही सांभाळणाऱ्यांनी प्रत्येक गोष्टीला ‘विथ’ किंवा ‘विदाउट’ स्पष्ट लिहायचं, गप्प बसायचं नाही. मेसन या बिल्ड साधनात हे सोपं झालंय: फीचर ऑप्शनला चालू, बंद आणि ऑटो अशा तीन अवस्था असतात, आणि ‘ऑटो_फीचर्स’ एकदा ‘डिसेबल्ड’ केलं की सगळे ऑटो बंद, मग हवे ते नावाने चालू करायचे. दुसरा उपाय तुमच्या हातात: रोजच्या मशिनवर बांधू नका. रिकाम्या जेलमध्ये, म्हणजे बाकी मशिनपासून तोडलेल्या कोपऱ्यात बांधा, जिथे जाहीर केलेल्या डिपेंडन्सीपलीकडे काहीच नाही. फ्रीबीएसडीवर पूड्रिएर नावाचं साधन हेच करतं.

सीमेक हे बिल्ड साधन वापरणाऱ्यांना जाता जाता: जुनी बिल्ड डिरेक्टरी ठेवून ऑप्शनचा डीफॉल्ट बदललात तर सीमेककॅश.टेक्स्ट तुमचा जुनाच आकडा धरून बसतो. म्हणजे जुनापुराणांची निळी चौकटच, फक्त रंग नाही.

---

दोनदशांश

सगळं मान्य. पण धागा पुढे जातोय तसा माझाच मुद्दा पक्का होतोय. वेबपी डीफॉल्टमध्ये होतं, बंद कुणी केलं? धागाकर्त्याने. कशासाठी? ओळखीचं नव्हतं म्हणून.

---

गाठोडे

अर्धं मान्य. ‘ओळखीचं नाही म्हणून बंद’ हे कारण नव्हे. पण ‘लागत नाही म्हणून नको’ हे कारण असू शकतं. २०२४ च्या २९ मार्चला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनातलं चोरदार उघडकीला आलं, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतलं. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला लागणारा अर्धा सेकंद जादा वाटला आणि ते खणत गेले. आता ओपनएसएसएचला (दूरच्या मशिनवर लॉगिन देणाऱ्या प्रोग्रामला) एक्सझेडची लायब्ररी लागतच नाही. काही वितरणांनी ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेला पोचवण्यासाठी एसएसएचडीला (ओपनएसएसएचच्या सर्व्हरला) लिबसिस्टमडी जोडली होती, आणि लिबसिस्टमडीच्या पाठीवर बसून लिबएलझेडएमए, म्हणजे एक्सझेडची लायब्ररी, आत आली. एका निरोपापायी आख्खं वऱ्हाड. ज्यांच्याकडे ती जोडणीच नव्हती त्यांच्या एसएसएचडीत शिरायला ती वाटच नव्हती.

---

दोनदशांश

उदाहरण चांगलं आहे, पण ती जोडणी वितरणाच्या पॅचमुळे होती. सामान्य माणसाला चौकटीत तिच्यापुढे खूण दिसणारच नव्हती. तुमच्यासारख्यांनी विचार करावा म्हणूनच तर मी डीफॉल्टवर झोपतो.

---

गाठोडे

हे मात्र लागलं. आज रात्री माझ्या पॅकेजांच्या जोडण्या परत बघतो.

---

अधिकअधिक

अवांतर, पण ऑप्शन म्हणजे नुसता आकार आणि धोका नव्हे, परवानाही असतो. एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन ‘इनेबल-जीपीएल’ लावून बांधलं की आख्खी बायनरी जीपीएल परवान्याखाली जाते. एक्स२६४ (व्हिडिओ एन्कोडर) हवं असेल तर ते लावावंच लागतं. त्यातच लिबएफडीके-एएसी (ध्वनीचा एन्कोडर) घातलं की ‘इनेबल-नॉनफ्री’ लागतं, आणि मग ती बायनरी दुसऱ्याला देताच येत नाही. कॉन्फिगर शेवटी परवान्याची ओळ छापतं, पण तिथवर कोण वाचतं? घरच्या मशिनला काही फरक पडत नाही. ग्राहकाला कंटेनर पाठवणाऱ्याला फार पडतो.

---

जुनापुराणा

आणखी एक, सगळ्यांसाठी. यादीवर विश्वास ठेवू नका, बायनरीला विचारा. ‘मॅजिक -व्हर्जन’ मध्ये डेलिगेट्सची ओळ असते, वेबपी तिथे आहे का नाही ते एका सेकंदात कळतं. ‘कर्ल -व्ही’ तसंच, तिथे व्ही मोठा. ‘एन्जिनएक्स -व्ही’ मधलाही व्ही मोठा घेतलात तर कॉन्फिगरची आख्खी ओळ परत मिळते. एफएफएमपेगला ‘-बिल्डकॉन्फ’. एसक्यूलाइटमध्ये तर ‘प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स’ अशी चक्क क्वेरी आहे. बांधून झाल्यावर या ओळी एका स्क्रिप्टमध्ये टाकून हवं ते नसेल तर बांधकाम नापास करा. माझ्याकडे ही स्क्रिप्ट आहे, त्यापायी दोनदा वाचलोय.

आणि तारकुंपण, तुमच्या एन्जिनएक्सला कुलूप आहे का? स्वतः बांधलेलं आणि भांडारातलं एकाच मशिनवर मिसळलंत तर ‘पीकेजी अपग्रेड’ ला दिसतं की भांडारातल्या पॅकेजाचे ऑप्शन वेगळे आहेत, आणि ते तुमचं काढून स्वतःचं बसवतं. मग तुमचं जादा मॉड्यूल गायब, आणि कॉन्फिगमधली त्याची ओळ ‘अनोळखी डिरेक्टिव्ह’ म्हणून एन्जिनएक्स उठायलाच तयार नाही. ‘पीकेजी लॉक’ लावा. कुलूप लावलं की सुरक्षेचे अपडेटही बाहेरच राहतात हे विसरू नका, म्हणून ते तात्पुरतंच. कायमचं म्हणजे पूड्रिएर आणि स्वतःचं भांडार.

---

तारकुंपण

आलो. डिफचा निकाल: एकोणतीस पोर्टांपैकी अकरांचे ऑप्शन दोन मशिन्सवर वेगवेगळे. त्यातले दोन मी ठरवून केलेले. बाकी नऊ मी का केले ते मला आठवत नाही, आणि दोन पोर्टांची तर नावंही पहिल्यांदाच वाचली.

जुनापुराणांचं ऐकून सगळ्या फाइली एका टारमध्ये बांधून बाजूला ठेवल्या आणि आरएमकॉन्फिग-रिकर्सिव्ह. मग ध्वजधारींचं ऐकून कोऱ्या फाइलीत फक्त कारणं लिहायला बसलो. पहिलं कारण, ‘मॉनिटर नाही, म्हणून एक्स११ नको’. त्यासाठी ऑप्शन शोधायला गेलो तर इमेजमॅजिकला ‘नोएक्स११’ नावाचा फ्लेव्हरच आहे. आणि फ्लेव्हर आहे म्हणजे त्याचं तयार पॅकेजही भांडारात आहे. ते तसंच उचललं, ‘मॅजिक -व्हर्जन’ ला विचारलं. डेलिगेट्समध्ये वेबपी हजर.

म्हणजे इमेजमॅजिक बांधायची गरजच नव्हती.

उरलं एन्जिनएक्स. त्याच्यासाठी पूड्रिएरचा जेल केला, त्याच्या मेक.कॉन्फमध्ये एक ओळ आणि वर टीप: कुठलं मॉड्यूल, कुठल्या साइटला लागतं, ती साइट बंद झाली की ही ओळ काढ. पूड्रिएरला ‘-बी’ लावून भांडाराची शाखा सांगितली की ज्यांचे ऑप्शन जुळतात ती पॅकेजं ते तयारच आणतं, त्यामुळे प्रत्यक्षात बांधलं फक्त एन्जिनएक्स. ऑप्शन बदलले तर पुढच्या खेपेला ते स्वतःच ओळखून परत बांधतं. दोन्ही मशिन्स आता याच भांडारातून घेतात. निळी चौकट येतच नाही.

एकच शंका: पोर्टमध्ये उद्या नवा ऑप्शन आला तर चौकट नसल्यामुळे मला कळणार कसं?

---

जुनापुराणा

कळणार नाही, डीफॉल्ट लागेल. तुमच्या एका ओळीला धक्का नसेल तर कळून करायचंय काय? अगदीच चैन पडत नसेल तर अपग्रेडच्या आधी आणि नंतर ‘शोकॉन्फिग’ चं आउटपुट गिटमध्ये टाकत जा. एन्जिनएक्सच्या ऑप्शनांची यादी भली लांब आहे, वाचायला बसाल तर संध्याकाळ जाईल.

ते टार फेकलंत का?

---

तारकुंपण

नाही. अजून धीर होत नाहीये.

---

ध्वजधारी

‘तात्पुरतं’ मध्ये टाका. माझ्याकडे जागा आहे.